आठवणींची चिकटवही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेत कार्यानुभवाच्या तासाला आपण सगळ्यांनी कधी ना कधी चिकटवही केलेली आहे. पानाफुलांची, वाहनांची, थोर नेत्यांची. ती वही परीक्षेनंतर रद्दीत गेली आणि तो विषय तिथेच संपला. मोठेपणी घरातल्या आठवणींसाठी तीच वही पुन्हा हातात घ्यावी, असं मला मनापासून वाटतं. मी अशा वह्या करते आणि नव्यानं करणाऱ्यांना शिकवते. त्यांच्याकडून येणारे तेच ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अवघड नंतर.

१. चिकटवही आणि फोटोंचा अल्बम यात फरक काय?

अल्बममध्ये फोटो असतात, चिकटवहीत गोष्ट असते. महाबळेश्वरच्या सहलीचा फोटो अल्बममध्ये एकटाच बसतो. चिकटवहीत त्याच्या शेजारी एसटीचं तिकीट येतं, ज्या दुकानातून चिक्की घेतली त्याच्या कागदी पिशवीचा तुकडा येतो, आणि खाली दोन ओळी येतात: ‘पसरणीच्या घाटात धाकटीला उलटी झाली, म्हणून फोटोत तिचं तोंड असं.’ पन्नास वर्षांनी वही उघडणाऱ्याला फोटोपेक्षा या दोन ओळीच हव्या असतात.

२. मला चित्र काढता येत नाही, अक्षरही चांगलं नाही. तरी जमेल का?

जमेल. कात्रीनं सरळ रेषेत कापता आलं की पुरे. अक्षराचं म्हणाल, तर वाईट अक्षर हीच आठवण असते. माझ्या आजीच्या हातची एक वाणसामानाची यादी माझ्याकडे आहे. ‘साकर’ लिहिलेली, रेघ सोडून खाली उतरत गेलेली. ती कुणी सुंदर अक्षरात लिहून दिली असती तर मी जपली नसती. स्वतःच्याच अक्षरात लिहा.

३. सुरुवातीला किती खर्च येतो? काय काय विकत घ्यावं?

एक जाड कागदाची वही, एक ग्लू स्टिक, चांगली कात्री, पट्टी, न पसरणारं काळं पेन आणि दोन-तीन रंगांचे कार्डशीट. यातलं निम्मं घरात असतंच. वही धरून ३०० ते ४०० रुपयांत सगळं बसतं, आणि त्यात एक वही पूर्ण होते.

ऑनलाइन मिळणारी तयार स्टिकरची पाकिटं, नक्षीचे पंच, परदेशी कागदांचे गठ्ठे पहिल्या वहीसाठी घेऊ नका. त्यात पैसे जातातच, शिवाय सगळ्यांच्या वह्या सारख्या दिसायला लागतात. त्याऐवजी लग्नपत्रिका, साडीच्या खोक्यातला कागद, शिवणकामातून उरलेली लेस, जुन्या कॅलेंडरचे अंक, मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा असं जमवत जा. कॅलेंडरचे मोठे लाल-काळे अंक तारखेसाठी फार छान दिसतात.

बाजारात जायचंच असेल, तर पुण्यात वह्या-कागदांसाठी अप्पा बळवंत चौक आणि लेस, टिकल्या, गोंड्यांसाठी रविवार पेठ. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळची अब्दुल रहमान स्ट्रीट. इतर गावांत शाळेजवळचं स्टेशनरीचं दुकान पुरेसं आहे.

४. वही कोणती घेऊ? शाळेची चिकटवही चालेल का?

सरावाला चालेल, जपून ठेवायला नको. तिचा रंगीत कागद पातळ असतो आणि काही वर्षांत ठिसूळ होतो. कागदाचा जाडपणा जीएसएमवरून, म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं वजन किती ग्रॅम यावरून ठरवतात. झेरॉक्सचा कागद ७० ते ८० जीएसएमचा असतो, तो गोंद लागला की सुरकुततो. १५० च्या पुढचा कागद घ्या. २०० असेल तर उत्तम.

मला स्वतःला हातकागद आवडतो. लाकडाच्या स्वस्त लगद्यापासून केलेल्या कागदात लिग्निन हे लाकडातलं द्रव्य राहतं आणि त्यामुळे तो पिवळा पडतो. सुती चिंध्यांपासून केलेला हातकागद खूप टिकतो. पुण्यात शिवाजीनगरची हातकागद संस्था १९४० पासून हे काम करते आहे. सुटे कागद आणून कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून स्पायरल बाइंडिंग करून घेतलं की वही तयार. परदेशात १२ × १२ इंचांची चौकोनी वही रूढ आहे, पण आपल्याकडे ए-फोर आकाराचा कागद, पिशव्या, फाइली सगळं सहज मिळतं. पहिली वही त्याच आकाराची करा.

५. विषय काय घेऊ? आमच्या घरी विशेष असं काही घडलेलं नाही.

‘आमचं कुटुंब’ असा अवाढव्य विषय घेतलात, तर वही चौथ्या पानावर अडते. एक लहान गोष्ट घ्या. विकलेलं जुनं घर. आईच्या हातचे दहा पदार्थ. बाळाचं पहिलं वर्ष. एकच गणपती, आरास करण्यापासून विसर्जनापर्यंत. वीस पानांत संपेल असा विषय असला की वही पूर्ण होते, आणि एक पूर्ण झाली की दुसरी आपोआप सुरू होते.

६. सगळे फोटो मोबाइलमध्ये आहेत, हजारोंनी. किती छापून घेऊ?

वीस पानांना चाळीस फोटो पुरतात. एका पानावर एक मोठा आणि एखादा लहान, यापेक्षा जास्त नको. लिहायला जागा राहिली पाहिजे.

फोटो लॅबमध्ये फोटोच्या कागदावर छापून घ्या. घरच्या इंकजेट प्रिंटरच्या छपाईला ओला हात लागला की रंग पसरतो. लहान फोटो हवे असतील, तर एका ४ × ६ इंचांच्या फोटोत चार फोटो जुळवून छापा आणि कापा, एका फोटोच्या पैशांत चार होतात. काळा-पांढरा फोटो चालणार असेल तर चांगल्या कागदावर लेझर प्रिंट काढा. स्वस्त पडते आणि पाण्यानं पसरत नाही.

७. चिकटवायला काय वापरू? फेव्हिकॉल, डिंक की खळ?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि तो नवा नाही. लेखक मार्क ट्वेन यांना स्वतःच्या चिकटवहीतला गोंदाचा राडा इतका नकोसा झाला, की त्यांनी आधीच गोंद लावलेल्या पानांच्या वहीचं पेटंट घेतलं. ते साल होतं १८७३.

कागदावर कागद चिकटवायला ग्लू स्टिक सर्वांत सोपी, पान सुरकुतत नाही. पुठ्ठा, लेस, कापड यांच्यासाठी फेव्हिकॉल घ्या, पण बोटानं नाही. जुन्या एटीएम कार्डानं पातळ पसरवा. चिकटवल्यावर वर बटर पेपर ठेवून वही रात्रभर जड पुस्तकांखाली दाबा. पातळ फोटोला फेव्हिकॉल लावू नका, कडा वळतात.

बाटलीतला डिंक वाळला की चकाकतो आणि तडकतो. सेलोटेप तर कधीच नको. काही वर्षांत टेप गळून पडते आणि खाली तपकिरी डाग राहतो, तो निघत नाही. रबरी सोल्युशनचंही तेच. स्टेपलरच्या पिना कोकणात एका पावसाळ्यात गंजतात.

घरची गव्हाच्या पिठाची खळ चांगली असते आणि ती पाण्यानं सोडवताही येते. अडचण एकच, कसरीला ती आवडते. जुने बाइंडर म्हणून खळीत मोरचूद घालत. ते विषारी आहे, मुलांबरोबर काम करताना अजिबात नको. खळ वापरायची तर ताजी करा, पातळ लावा आणि वही पूर्ण वाळवूनच मिटा.

८. आजी-आजोबांचा एकुलता एक जुना फोटो वहीत चिकटवू का?

नाही. माझा एकच पक्का नियम आहे: जी वस्तू दुसरी मिळणार नाही, तिला गोंद लागत नाही. फोटो स्कॅन करून प्रत छापा आणि ती चिकटवा.

मूळ फोटोच वहीत हवा असेल तर त्याला कोपरे करा. जुन्या अल्बमच्या काळ्या पानांवर असत तसे. जुन्या पाकिटाचा कोपरा तिरका कापला की आयता कोपरा मिळतो. चारही कोपरे फोटोवर चढवायचे आणि गोंद फक्त कोपऱ्यांच्या मागे लावायचा. फोटो घट्ट बसतो आणि कधीही काढता येतो. आजोबांच्या आंतरदेशीय पत्रासारखं दोन्ही बाजूंनी लिहिलेलं काही असेल तर पानावर कागदाचा खिसा करा आणि पत्र त्यात घडी करून ठेवा. वाचणाऱ्याला ते उघडून वाचता आलं पाहिजे.

९. पानावर काय लिहू? ‘सुंदर क्षण’च्या पुढे काही सुचत नाही.

‘सुंदर क्षण’ लिहूच नका. फोटोत जे दिसत नाही ते लिहा. फोटो कुणी काढला? त्या वेळी स्वयंपाकघरात काय शिजत होतं? ही साडी कुणाची, कुठून आली? फोटोत नसलेलं माणूस कुठे होतं?

माणसांची पूर्ण नावं लिहा. आपल्याकडे फोटोखाली ‘ताई, बापू, नानी’ एवढंच असतं आणि दोन पिढ्यांनी या नानी कोण हे कुणालाच सांगता येत नाही. ‘नानी, म्हणजे बाबांची मोठी आत्या’ एवढं तरी लिहा. लग्नाआधीचं नावही लिहा, बायकांच्या बाबतीत तेच सगळ्यात आधी हरवतं.

पेन तपासायची सोपी रीत: कागदाच्या तुकड्यावर दोन शब्द लिहा, पाच मिनिटं वाळू द्या, ओल्या बोटानं पुसा. पसरलं तर ते पेन नको. बरीचशी जेल पेनं इथेच बाद होतात. जुन्या कागदी फोटोच्या मागे लिहायचं तर मऊ पेन्सिलीनं, अगदी हलक्या हातानं. बॉलपेननं दाबून लिहिलं की पुढच्या चेहऱ्यावर वळ उठतात.

१०. वही फुगते, मिटतच नाही. काय करू?

प्रत्येक पानाची जाडी वाढते, पण बाइंडिंगची वाढत नाही. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी दर दोन पानांनंतरचं एक पान बाइंडिंगपाशी साधारण दोन सेंटिमीटरची पट्टी ठेवून कापून टाका. या पट्ट्यांमुळे पाठीला जागा मिळते. काम झालेली वही फुगली असेल तर स्पायरल काढून मोठी घालून घ्या. मणी, शिंपले, जाड गोंडे पानाच्या मधोमध लावू नका. समोरच्या फोटोवर त्यांचे खड्डे पडतात.

११. सिनेमाची आणि एसटीची तिकिटं वर्षभरात कोरी झाली. असं का?

ती तिकिटं शाईनं छापलेली नसतात. तो थर्मल कागद असतो, उष्णता लागली की त्यावर काळं उमटतं आणि काळानं उडतं. एटीएमच्या पावत्या आणि मॉलची बिलंही तशीच. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलं किंवा गोंद लावला तर अजून लवकर उडतात. आणि जपण्यासाठी म्हणून गरम लॅमिनेशन केलंत तर अख्खं तिकीट काळं होतं. हा अनुभव मी घेतला आहे.

तिकीट हातात आलं त्याच आठवड्यात झेरॉक्स काढा आणि झेरॉक्स चिकटवा. कंडक्टर टकटक करून भोकं पाडून देत ती जुनी एसटीची तिकिटं आणि रेल्वेची जाड पुठ्ठ्याची छोटी तिकिटं मात्र शाईनं छापलेली आहेत. ती कोपरे करून (प्रश्न ८) निर्धास्त लावा.

१२. वर्तमानपत्राची कात्रणं पिवळी पडू नयेत म्हणून काय करावं?

पडणारच, तो कागद एका दिवसासाठीच केलेला असतो. शिवाय शेजारच्या पानावरही पिवळा ठसा उमटवतो. चांगल्या कागदावर झेरॉक्स घ्या. वर्तमानपत्राचं नाव आणि तारीख असलेली पट्टी कापायला बहुतेक जण विसरतात. तीही घ्या.

१३. फुलं आणि पानं कशी वाळवायची?

रद्दीच्या दोन थरांत ठेवून जड पुस्तकांखाली दोन ते तीन आठवडे. पहिल्या आठवड्यात रद्दी रोज बदला, नाहीतर बुरशी येते. अबोली, तेरडा, गुलमोहराच्या पाकळ्या छान वाळतात. झेंडू आणि शेवंती अख्खी ठेवू नका, पाकळ्या सुट्या करा. बकुळीची फुलं सुकल्यावरही वास देतात. ती कागदी खिशात ठेवा. दसऱ्याला घरातल्या मोठ्या माणसानं दिलेलं आपट्याचं पान तारखेसह लावून ठेवा.

जाळीचं पिंपळपान घरी करता येतं. जून पान साध्या पाण्यात बुडवून ठेवायचं, दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदलायचं. तीन-चार आठवड्यांनी हिरवा भाग मऊ पडतो. पान बशीत पाण्यातच ठेवून जुन्या मऊ टूथब्रशनं हलकेच घासत जा. शिरा तेवढ्या उरतात. रद्दीत दाबून वाळवा. पहिली दोन-तीन पानं फाटतात, म्हणून चार-पाच पानं भिजत घाला.

१४. लग्नाच्या अक्षता आणि हळदकुंकू वहीत ठेवता येईल का?

मनात किती असतं ते मला कळतं, पण ठेवू नका. तांदळाला कीड लागते आणि ती कागदाकडे वळते. कुंकू समोरच्या पानाला लागतं. हळदीचा रंग उजेडानं उडतो. अक्षता काचेच्या छोट्या बाटलीत ठेवा, आणि वहीत तळहातावरच्या अक्षतांचा फोटो लावा. मुंडावळ्यांची एखादी सर किंवा अंतरपाटाचा दोरा चालतो.

१५. पत्रिकेवर गणपती असतो. ती कापायची कशी?

हा प्रश्न बायका हळू आवाजात विचारतात. आधी गणपतीचं चित्र चहूबाजूंनी जागा सोडून अख्खं कापून घ्या आणि वहीच्या पहिल्या पानावर वरती लावा. मग उरलेली पत्रिका नक्षीसाठी मोकळी होते. तरीही मन तयार नसेल तर ती पत्रिका कापू नका, अख्खी खिशात ठेवा. वही करताना मनाला टोचणी नको.

१६. पावसाळ्यात वही कशी सांभाळू?

बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका, तिथे ओल येते. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधूनही ठेवू नका. सुती कापडात गुंडाळा, सोबत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. नव्या बुटांच्या किंवा पर्सच्या खोक्यात मिळतात त्या. डांबराच्या गोळ्या फोटोंना लागू देऊ नका. कडुलिंबाचा पाला ठेवायचा तर पूर्ण वाळलेला.

पाऊस संपला की ऑक्टोबरच्या कोरड्या हवेत वही पंख्याखाली उघडून ठेवा, एकेक पान उलटत. उन्हात नाही, रंग उडतात. पांढरी बुरशी दिसली तर ओल्या फडक्यानं पुसू नका. आधी सावलीत पूर्ण वाळवा, मग तोंडाला मास्क लावून गॅलरीत मऊ ब्रशनं झटका.

१७. पुराच्या पाण्यात फोटो भिजून एकमेकांना चिकटले. वाचतील का?

२०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला आणि २०२१ मध्ये चिपळूणला पूर आला, तेव्हा हजारो घरांमधले अल्बम चिखलात गेले. अशा वेळी काय करायचं ते आधीच माहीत असावं, कारण हातात वेळ फार थोडा असतो, साधारण दोन दिवस.

फोटोंचा गठ्ठा तसाच वाळू देऊ नका. वाळला की फोटो एकमेकांचे सालपट काढतात. लॅबमध्ये छापलेले फोटो स्वच्छ थंड पाण्यात ठेवा आणि पाण्यातच हळूहळू सुटे करा. चिखल बोटानं चोळू नका, पाण्यात हलवून जाऊ द्या. मग चेहऱ्याची बाजू वर ठेवून सावलीत वाळवा. फोटोवर टिपकागद दाबू नका. सगळे एकदम करणं शक्य नसेल तर ओले फोटो पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा. तिथे थांबतात, नंतर थोडे थोडे काढून करता येतात. इंकजेटचे फोटो पाण्यात घालायचे नाहीत, नुसते वाळवायचे. आणि निगेटिव्ह सापडल्या तर त्या आधी धुऊन वाळवा, त्यांच्यावरून फोटो पुन्हा छापता येतो.

१८. पारदर्शक पापुद्रा उचलून फोटो चिकटवायचा जुना अल्बम आहे. फोटो निघत नाहीत. ओढू का?

ओढू नका. त्या पानांवरचा गोंद वर्षांनुवर्षं घट्ट होत जातो. आधी सगळ्या पानांचे मोबाइलवर सरळ, उजेडात फोटो काढून ठेवा. पुढे काही फाटलं तरी प्रत राहते. मग दात साफ करायचा दोरा (डेंटल फ्लॉस) फोटोच्या कोपऱ्याखाली घालून, करवतीसारखा मागेपुढे करत सरकवा. निघत नसेल तर पानाच्या मागून हेअर ड्रायर अगदी मंद ठेवून काही सेकंद फिरवा आणि पुन्हा दोरा लावा. फोटो मधे वाकू लागला तर थांबा, पानच फोटोभोवती कापून घ्या. पाठीला गोंदाचा पुठ्ठा राहिलेला फोटो फाटलेल्या फोटोपेक्षा केव्हाही बरा.

फ्रेमच्या काचेला चिकटलेल्या फोटोला मात्र हात लावू नका. काचेसकट स्कॅन करा.

१९. नोटाबंदीतल्या जुन्या नोटा वहीत लावायच्या आहेत. चालतं का?

एखादी आठवण म्हणून चालते. पण २०१७ च्या कायद्यानुसार बंद झालेल्या ५०० आणि १००० च्या नोटा मिळून १० पेक्षा जास्त जवळ ठेवता येत नाहीत. अभ्यास, संशोधन किंवा नाणकशास्त्रासाठी ही मर्यादा २५ आहे. आजीच्या डब्यात गठ्ठा सापडला असेल तर हे लक्षात ठेवा. चालू नोटांवर लिहू नका, गोंद लावू नका. पारदर्शक खिशात ठेवा.

जन्मदाखला, गुणपत्रिका, सातबारा यांच्या मूळ प्रती चिकटवहीत नकोतच. त्यांचं लॅमिनेशनही करू नका, ते परत निघत नाही. झेरॉक्स लावा.

२०. घरात वितुष्ट आहे. काकांचं पहिलं लग्न मोडलं, त्या फोटोंचं काय करू? कापून टाकू?

फोटो कापू नका. कात्रीनं कापलेला चेहरा पुढे कायम त्या पानावर प्रश्न म्हणून राहतो, मुलं तोच विचारतात. ते फोटो वहीत न घेता वेगळ्या पाकिटात, वर नावं आणि साल लिहून ठेवा. ज्यांची गोष्ट आहे ती माणसं हयात असतील तर वहीत काय यावं हे त्यांना विचारा. खाजगी पत्रांचंही तसंच.

२१. जुन्या फोटोतली माणसं कुणालाच ओळखू येत नाहीत. असे फोटो घ्यावेत का?

घ्या, आणि खाली ओळ रिकामी सोडा. ओळखण्यासाठी फोटो घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाकडे घेऊन जा. मोबाइलवर पाठवू नका, मोठी प्रत छापून हातात द्या. दुपारच्या चहाच्या वेळी जा. ‘हे कोण?’ असं थेट विचारलं की बहुतेक जण ‘आठवत नाही’ म्हणतात. त्यापेक्षा ‘हा वाडा कुठला?’, ‘ही खुर्ची कुणाची?’ असं विचारा. जागा आठवली की माणसं आठवतात. मोबाइलवर बोलणं रेकॉर्ड करा, त्यांना विचारून. माझ्या एका मावशीआजींना फोटोतली मुलगी ओळखता येईना, पण तिच्या फ्रॉकची कॉलर त्यांनी ओळखली. ती त्यांनीच शिवली होती, धाकट्या बहिणीसाठी.